फक्त दोन टाके

३ एप्रिल १९९६, बुधवार

आले एकदाची ओत्सुला. सामान म्हणजे एक गादी, दोन पिशव्या आणि आईने निघताना गळ्यात मारलेला मुळ्याच्या लोणच्याचा डबा. खोली तोफूच्या दुकानावर, माडीवर आहे. घरमालकीण मोरिमोतोकाकू एका कानाने बहिऱ्या आहेत आणि दुसऱ्या कानाने ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. भाडं, कचऱ्याचे वार, न्हाणीघराची वेळ, सगळं एका दमात सांगून झालं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, तोफू ताजा आहे. जिना अगदी उभा, शिडीच म्हणायची. पण खिडकी उघडली आणि समोर अख्खं बिवा तळं. पलीकडच्या काठाला धुक्यात कुठेतरी आमचं गाव, आमचं घर आणि दारात किमोनो उसवत बसलेली आई. मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा कळलं की छत्री घरीच राहिली. ती म्हणाली, "ठिगळाचं डोकं ते, गळणारच." हे तिचं माझ्या लहानपणापासूनचं. नऊ वर्षांची असताना मी देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून कोसळले होते, डोक्याला दोन टाके पडले होते. आई लोकांचे किमोनो रफू करते, ठिगळं लावते, आणि तिचं ठिगळ उजेडात धरूनही सापडत नाही. त्यामुळे मी काही विसरले की दोष माझा नाही, ठिगळाचा. धाकट्या सायोला हा विनोद अजून पुरतो.

५ एप्रिल

वकील इशिगुरे पन्नाशीचे आहेत. चष्मा कपाळावर ठेवतात आणि टेबलाखाली शोधतात. तोंडात सतत गोड सारणाचा पाव. मला त्यांनी माझ्या अक्षरावरून निवडलं हे आज कबूल केलं. जबान्या लिहिताना हात थरथरला तरी चालेल, म्हणाले, अक्षर थरथरता कामा नये. माझं अक्षर थरथरत नाही. याबाबतीत मी गर्विष्ठ आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

खटला काय आहे तेही समजावलं. मेंदूचं ऑपरेशन करताना त्यावरचं आवरण फाटतं किंवा कापावं लागतं. ते बंद करायला परदेशातून आलेलं वाळवलेलं आवरण वापरत. ते मेलेल्या माणसांच्या डोक्यातून काढलेलं असे. त्यातलं एखादं रोगट निघालं की पुढे कित्येक वर्षं काहीच होत नाही, आणि मग एक दिवस माणूस अडखळतो. तिथून काही महिन्यांत मेंदूची चाळण होते. औषध नाही. आमच्याकडची कुटुंबं सरकारकडे आणि कंपनीकडे भरपाई मागताहेत. रोग कोणी नाकारत नाही, वकीलसाहेब म्हणाले, आवरण नाकारतात. हॉस्पिटलं पाच वर्षांनी जुने कागद जाळून टाकतात. तेव्हा ज्याने ऑपरेशन केलं त्या डॉक्टरने स्वतः म्हणावं लागतं की होय, मी लावलं. तो नाही म्हणाला की दावा तिथेच बसला.

इथे काम करणाऱ्याने रोजनिशी लिहायची अशी त्यांची अट आहे. कुटुंबांना आपण रोज लिहायला सांगतो, मग आपण नको का, असं त्यांचं म्हणणं. मला काय, मी तशीही लिहितेच.

९ मे

आज पहिली जबानी एकटीने घेतली. तात्सुमीकाका तळ्यावर मासेमारी करतात, हात दोरखंडासारखे. त्यांची बायको किनुए खोलीच्या मध्यभागी अंथरुणावर होती. डोळे उघडे, पण कुणाकडे नाहीत. मी पेनाचं टोपण काढलं, त्या टिचकीएवढ्या आवाजाने त्यांचं सगळं अंग उसळलं. तात्सुमीकाका म्हणाले की काडी ओढली तरी असंच होतं. ते आता चहाची भांडीसुद्धा फडक्यात गुंडाळून ठेवतात.

वकीलसाहेबांनी शिकवलेला पहिला प्रश्न मी विचारला, पहिल्यांदा कुठे अडखळल्या. काका हसले. होडीत पाय टाकताना, म्हणाले, आणि मी तिला म्हातारे म्हणून चिडवलं. मग एकदा ती धक्क्यावर उभी राहून म्हणाली की अगं बाई, तळं तिरकं झालं. त्यावरही ते हसले होते. हे सांगताना त्यांनी बायकोच्या गालावरचं पुसलं, तिथे काहीही नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी किनुएकाकूंचा अर्धा चेहरा फडफडायचा म्हणून ऑपरेशन झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी काकांना बाहेर येऊन सांगितलं होतं की आत छोटंसं ठिगळ लावलंय, काळजी करू नका. मी तो शब्द तसाच्या तसा उतरवून घेतला. एवढे मोठे सर्जन आईच्या धंद्यातला शब्द वापरतात हे तिला सांगायला हवं, खूश होईल.

निघताना मी भरपाईबद्दल काहीतरी धीराचं बोलले. ते म्हणाले, "पैशाने ती उठणार नाही, पोरी. पण हे आम्ही केलं असं कुणीतरी म्हणावं. नाहीतर लोक म्हणतात, नशीब."

परत येताना मला रडू आलं. बसमध्ये तोंड खिडकीकडे करून बसले.

१४ जून

किनुएकाकूंच्या सर्जनने लिहून दिलं. होय, मी लावलं, एवढंच वाक्य आणि खाली शिक्का. वकीलसाहेबांनी सगळ्यांना पाव वाटले. तात्सुमीकाका आले, पुन्हा पुन्हा वाकून नमस्कार करत राहिले आणि जाताना टेबलावर ओले मासे ठेवून गेले. फायलींना दोन दिवस वास येणार.

आईचा फोन. सायोचं लग्न ठरलं, नोव्हेंबरात. मुलाकडचे मोठे आहेत, चौकशा फार करतात. लग्नात मानाचे मध्यस्थ म्हणून उभं राहायला डॉ. किताओ तयार झाले म्हणून आई हवेत आहे. हे किताओ म्हणजे माझ्या डोक्याला टाके घालणारे डॉक्टर. आई दर वर्षाअखेरीला त्यांना आंबवलेल्या माशांची पेटी पाठवते, आम्ही घरी त्यातला शेपटीचा तुकडा खातो. आता ते सूट घालून आमच्या सायोच्या शेजारी बसणार. मी म्हटलं, वासासकट का? आईने फोन आपटला.

८ जुलै

जिन्यावरून घसरले. शेवटची पायरी उतरले असं समजून पाय टाकला तर आणखी एक होती. मोरिमोतोकाकूंनी तोफूच्या हौदात हात बुडवलेले असतानाच सांगितलं की मुलगी प्रेमात पडली की जिना विसरते. असं असतं तर किती बरं. ढोपर सुजलंय.

२६ जुलै

उकाडा आहे. चक्कर येते. जिन्याला रोज एक पायरी जास्तच असते. आज मी हाताने चाचपत, लहान मुलासारखी बसून उतरले आणि दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं वाटलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. चष्म्याच्या दुकानदाराने तपासला, नंबर तोच आहे म्हणाला. त्याची मशीन जुनी वाटली.

१० ऑगस्ट

ऑफिसला जाताना तळं उजवीकडे कललेलं दिसलं.

मी थांबले. डोळे मिटले, उघडले. होड्या सरळ होत्या आणि पाणी तिरकं होतं. उजव्या हाताचं पाणी रस्त्यावर सांडेल असं वाटून मी चक्क मागे सरकले. थोड्या वेळाने सगळं जागेवर आलं.

वकीलसाहेबांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत, पण म्हणाले की असं होतं, माझ्याआधीच्या मुलीलाही जबान्या ऐकून ऐकून सगळी लक्षणं होत होती, आता ती क्योतोत केक विकते आणि ठणठणीत आहे. ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या सुट्टीत घरी जा, आईच्या हातचं खा. माझा जीव भांड्यात पडला. मी आणि किनुएकाकू यांचा काय संबंध? मला फक्त दोन टाके पडले होते.

१५ ऑगस्ट, गावी

पूर्वजांसाठी दिवे लावले. आईने पूर्वजांना परत जाताना बसायला वांग्याचा बैल केला, पाय नेहमीसारखे वाकडे. सायो लग्नाच्या किमोनोबद्दलच बोलते.

दुपारी सायो बाहेर गेल्यावर मी आईला सहज विचारलं की ठिगळाचं डोकं हा शब्द तू कुठून काढलास. तिची सुई थांबली. मग ती म्हणाली की धंद्यातला शब्द आहे, तोंडात येतो. मी म्हटलं, दोनच टाके होते ना? ती म्हणाली, "फक्त दोन टाके." आणि उठून भात बघायला गेली. भात अजून लावलेला नव्हता.

न्हाणीत मी दोन आरसे धरून डोक्याची मागची बाजू पाहिली. केस बाजूला केले. व्रण कानामागून मानेपर्यंत उतरतो. आयुष्यभर माझे केस आईनेच कापले आहेत, गावात न्हाव्याकडे तिने मला कधी नेलं नाही, हे आज माझ्या लक्षात आलं. पडले त्या हिवाळ्यात मी लोकरीची टोपी घालून घरातच होते आणि आईने शेजाऱ्यांना सांगितलं होतं की मी मामाकडे आहे. दोन टाक्यांसाठी कुणी मुलीला मामाकडे पाठवत नाही.

जेवताना मी पुन्हा विषय काढला, तर आईने सायोकडे डोळ्याने खूण केली. मी विषय सोडला. चमच्याने सूप घेतलं, कारण जेवायच्या काड्या धरवत नव्हत्या.

२ सप्टेंबर

हॉस्पिटल. मेंदूच्या लहरींचा आलेख काढला. डॉक्टर तरुण आणि सभ्य. मला म्हणाला की थकवा आहे, विश्रांती घ्या, आणि आईला सांगा एकदा येऊन भेटायला.

थकवा आहे, आईला सांगा येऊन भेटायला. हे वाक्य मी स्वतःच्या हाताने किती जबान्यांत लिहिलं आहे. प्रत्येक वेळी माझं अक्षर सुंदर आलं होतं.

बाहेर पडताना आलेखाचा कागद टेबलावर दिसला. ठरावीक अंतराने तशाच टोकदार लाटा. फायलींमध्ये पाहून पाहून मला त्या ओळखीच्या झाल्या आहेत. मी भिंतीला धरून उभी राहिले. मला भीती वाटते. दुसरं काही लिहिता येत नाही, भीती वाटते.

१२ सप्टेंबर

वकीलसाहेबांना कळलं. त्यांनी अर्धा पाव कागदात परत गुंडाळून ठेवला. मग चष्मा शोधू लागले, तो डोळ्यांवरच होता.

माझा दावा मीच लिहायला घेतला. कुसाका चिनात्सु, वय सव्वीस. पहिल्यांदा कुठे अडखळल्या? तोफूच्या दुकानाच्या जिन्यावर. पुढे काय येणार हे मला पाठ आहे. पावलं जातात, मग नजर, मग शब्द, मग आवाजाला दचकणं, मग किनुएकाकू. वकीलसाहेब कागद हातातून काढून घेऊ लागले आणि म्हणाले की हा मी लिहितो. मी दिला नाही. नंतर पाहिलं तर ओळी खाली खाली गेल्या होत्या आणि अक्षर माझं नव्हतं.

मला टाके घातले त्या हॉस्पिटलमध्ये चौकशी झाली. माझे कागद केव्हाच जाळले. राहिले एकटे डॉ. किताओ. त्यांनी होय म्हटलं पाहिजे.

मला पैसे नकोत असं नाही, हवेत. मी अंथरुणाला खिळले की आईचं शिवण बंद पडणार. पण तात्सुमीकाका म्हणाले होते तेच मला जास्त हवंय. हे आम्ही केलं असं कुणीतरी म्हणावं. मी हे ऐकायला शुद्धीत असताना म्हणावं.

२२ सप्टेंबर

आई राहायला आली. गादी शेजारी घातली. मोरिमोतोकाकूंनी विचारलं नाही काही, तोफूचा डबा वर पाठवला.

सकाळी आईने माझे केस विंचरले. व्रणावर फणी थांबली आणि तिथेच, माझ्या पाठीमागे, तिने सांगितलं. पायऱ्यांवर डोकं आतपर्यंत फुटलं होतं. किताओ डॉक्टरांनी सगळी दुपार उभं राहून ऑपरेशन केलं. बाहेर येऊन म्हणाले, फाटलं होतं तिथे आत ठिगळ लावलंय, चांगलं परदेशी आहे, मुलगी जगेल. आई म्हणाली, "तो शब्द माझा नव्हे गं. त्यांचाच."

मेंदूचं ऑपरेशन झालेल्या मुलीला कोण करून घेणार म्हणून तिने गावात दोन टाके सांगितले. सांगता सांगता तिला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं. तेवढा एक शब्द मात्र तोंडात राहून गेला, विनोद होऊन.

मी रागावले नाही. तेवढी ताकद नाही. फक्त विचारलं की डॉक्टरांसमोर हे बोलशील का. ती हो म्हणाली. दोनदा म्हणाली.

६ ऑक्टोबर

अवघड चिनी अक्षरं आठवत नाहीत. पहिलीतल्या मुलीसारखं साधं लिहिते.

मोरिमोतोकाकू संध्याकाळी गाडी घेऊन निघताना तोफूचा भोंगा वाजवतात. आज वाजला आणि मी उसळले. कप उडाला. आईच्या हातावर चहा. ती म्हणाली भाजलं नाही. भाजलं होतं.

काकूंनी भोंगा बंद केला. उद्यापासून नुसतंच जाणार म्हणाल्या. गिऱ्हाईक आपोआप येतं, खोटं बोलल्या.

जिना आता उतरत नाही मी. वकीलसाहेब पाठीवर घेतात.

१९ ऑक्टोबर

आज लिहायलाच हवं. हळू लिहिते. सगळं लिहिते.

डॉ. किताओंच्या घरी गेलो. मी, आई, वकीलसाहेब. अंगणात सोललेली फळं दोरीला वाळत होती. डॉक्टर म्हातारे, स्वच्छ, गोड. केवढी झालीस, म्हणाले. वकीलसाहेबांनी विचारलं. डॉक्टर बागेकडे बघत राहिले. मग म्हणाले की त्या काळी सगळेच ते लावायचे, वाईट कुणाच्या मनात नव्हतं. एवढ्या वर्षांनी मला नक्की आठवत नाही. पण आईंना मी तेव्हाच सांगितलं असणार. त्या म्हणतील तसं. त्या हो म्हणाल्या तर मी लिहून देतो.

लिहून देतो म्हणाले. मी ऐकलं. वकीलसाहेबांनी पेन काढलं.

सगळे आईकडे बघत होते. आई पुढे सरकली. कपाळ जमिनीला टेकवलं. मला वाटलं बोलायच्या आधी नमस्कार करते आहे.

"नाही हो डॉक्टरसाहेब. फक्त दोन टाके होते. तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

मला बोलायचं होतं. तो शब्द. लहानपणापासूनचा. समोर दिसत होता. तोंड उघडलं आणि आलं, तळं. माझ्या डोक्यात तळं. मी पुन्हा म्हणाले. तळं. तळं लावलं. वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते, म्हणत होते, सांगा कुसाका, सांगा. तळं —

डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली. माझ्या पाठीवर हात ठेवला. बिचारी, म्हणाले. आणि चहा सांगितला.

बसमध्ये आई रडली. म्हणाली, ज्यांनी तुला जिवंत माझ्या हातात दिलं त्यांना मी कोपऱ्यात कसं ढकलू. ते स्वतः होय म्हणाले असते तर मी हो म्हटलं असतं. माझ्यावर का टाकलं त्यांनी.

आता लिहितानाही तो शब्द येत नाही. मागची पानं चाळायला बोटं ऐकत नाहीत —

२५ ऑक्टोबर

वकीलसाहेब आले. आईला म्हणाले, अजून वेळ गेली नाही, एकदा फक्त सांगा. आईने चहा दिला. दोन टाके, म्हणाली.

ते गेल्यावर माझ्या कानाशी आली. लग्न होऊ दे गं सायोचं. मग सांगते. डॉक्टरसाहेब मध्यस्थ आहेत. लग्न होऊ दे.

माझ्याकडे तेवढं —

नोव्हेंबर

तात्सुमीकाका आले होते. किनुएकाकू गेल्या. मासे आणले नाहीत या वेळी.

भांडी फडक्यात गुंडाळली त्यांनी. आईला शिकवलं. पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. कुठलाच नाही. नुसते बसले.

मी खिडकीकडे बोट केलं असेल. ते म्हणाले, "तळं सरळच आहे, पोरी. मी रोज बघतो."

बरं वाटलं. पण ते खोलीत येतंय. उजव्या भिंतीतून. गादीखाली ओलं —

नोव्हेंबर, पाऊस

आई गावी. आज लग्न. मोरिमोतोकाकू बसल्या माझ्याजवळ. तोफू भरवला. त्या एकट्याच मोठ्याने बोलतात, आणि मी दचकत नाही — त्यांचा आवाज ठाऊक आहे म्हणून असेल.

सायो छान दिसली असेल.

आज झालं की आई सांगेल.

नोव्हें

आई आली. लग्नातला काळा किमोनो अजून अंगावर. फोटो धरला डोळ्यांसमोर. मध्ये सायो. शेजारी — तो माणूस, स्वच्छ, गोड.

किती सुंदर बोलले म्हणाली. आमच्या गेलेल्या बाबांची आठवण काढली त्यांनी. सगळे रडले.

मग म्हणाली, आता कसं गं सांगू.

आता कसं —

?

दोन आया आहेत. एक दारात. वकीलसाहेबांना नमस्कार करते, दोन टाके म्हणते. दुसरी माझ्या कानात. लावलं होतं गं. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. परदेशी होतं. चांगलं म्हणाले होते. मला माफ कर.

कानातली रोज सांगते. दारातली

तिला माहीत आहे मी कुणाला सांगू शकत

?

हात बांध म्हटलं आईला पेन पडतं. तिने दोऱ्याने बांधलं. चांगली गाठ. तिचं शिवण

वकीलसाहेब येतील. त्यांना हे

लिही चिना लिही म्हणते. तीच म्हणते. तू लिही, मी नाही बोलू शकत. तू लिहिलंस तर मी नाही म्हणणार नाही

वकीलसाहेब. आईने मला सांगितलं आहे. माझ्या डोक्यात तळं लावलं.

नाही. तळं नाही.

त —

आईला विचारा. नको. आईला नको. आई काय करते ते बघा. किमोनो फाटला की. आतून. उजेडात दिसत नाही. ते. माझ्या डोक्यात ते

फाटलं की आई जे लाव